तुम्ही विचारलंत म्हणून: रोबोची फिगर हातात घेतली की आधी काय बघायचं

सांगलीत माझ्या घरी आलेला माणूस कपाटात ओळीनं उभे असलेले रोबो बघतो आणि थोड्याफार फरकानं एकच विचारतो, की दादा, ही गाडीचा रोबो होणारी फिगर तुम्ही घेता, तिच्यावर लिहिता पण, तर कुठली चांगली कुठली वाईट हे ठरवता कशावरून, दिसायला तर सगळीच भारी दिसतात. दोन वाक्यांत उत्तर दिलं की समोरच्याला वाटतं चेहरा आणि रंग कार्टूनसारखा असला की झालं. म्हणून आज नीट सांगतो.

मी मधलं बघतो. म्हणजे रोबोचा ट्रक होताना कुठला तुकडा कुठून निघाला आणि कुठं जाऊन बसला, ते. कारण कार्टूनमधे फसवता येतं आणि प्लास्टिकमधे येत नाही. गाड्यांचे रोबो होणाऱ्या ट्रान्सफॉर्मर्सची १९८४ ची पहिली कार्टून सीरिज आठवा, ऑप्टिमस प्राइम ट्रकचा रोबो झाला की मागचा एवढा मोठा ट्रेलर कुठंतरी गायब, परत ट्रक झाला की ट्रेलर हजर. मेगाट्रॉन उभा राहिला की भला थोरला, पण पिस्तूल झाला की दुसऱ्या रोबोच्या मुठीत मावणार. साउंडवेव्ह तर टेबलावर ठेवायचा टेप व्हायचा. पडद्यावर चाललं ते, कारण तिथं हात घालून कुणी बघत नाही.

आणि हे असं का झालं ते कळल्यावर मला तर ही खेळणी जास्तच आवडायला लागली. कार्टून आधी आणि खेळणी नंतर असं नव्हतंच, उलटं होतं. जपानच्या टाकारा कंपनीच्या खेळण्यांच्या दोन वेगवेगळ्या लाइन होत्या, एक डायाक्लोन, त्यात गाड्यांचे रोबो आणि ते चालवायला आत बसणारी छोटी माणसं, आणि दुसरी मायक्रो चेंज, त्यात पिस्तूल, टेप, कॅसेट अशा घरातल्या वस्तू खऱ्याच्या मापाच्या आसपास आणि त्यांचेच रोबो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर होत्या. अमेरिकेच्या हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीनं दोन्हीतले रोबो उचलून १९८४ ला एकाच नावाखाली आणले, कॉमिक्सवाल्या मार्व्हलकडून त्यांच्या गोष्टी लिहून घेतल्या, बऱ्याच रोबोंची नावं आणि स्वभाव तिथल्या बॉब बुडियान्स्कीनं लिहिले, आणि मग ट्रक आणि टेप एकाच मैदानात एकाच उंचीचे होऊन लढायला लागले. मापाचा घोळ तिथून सुरू झाला, आणि तो कार्टूनवाल्यांनी चित्रात निभावून नेला. खेळणं बनवणाऱ्याला मात्र आजपण तो हातात सोडवावा लागतो, आणि त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

माझ्याकडचा ऑप्टिमस जुन्या साच्यातून परत काढलेला आहे, तोच काढून दाखवतो नेहमी. त्याची छाती म्हणजे ट्रकची पुढची केबिन, खरीखुरी, छातीवरच्या दोन खिडक्या म्हणजे समोरची काच. डोकं आत जातं, कमरेतून पाय मागं काटकोनात वळतात, त्या पायांवरच मागची चाकं आहेत, आणि ट्रकचा मागचा सांगाडा तयार. बस एवढंच. आणि ती काच नखानं वर उचला, आत सीट आहेत! डायाक्लोनमधली ती छोटी माणसं बसायची म्हणून केलेल्या सीट, ट्रान्सफॉर्मर्समधे रोबो स्वतःच जिवंत झाला, ड्रायव्हर लागेना, पण सीट तशाच राहिल्या. हे बघितलं की मोठी माणसं पण खुर्ची पुढं ओढून बसतात. दोष आहेत, मुठी सुट्या आहेत, ट्रक करताना काढून ठेवायच्या, घरात लहान पोर असेल तर त्या हरवल्याच म्हणून समजा, आणि आजच्या फिगरसारख्या पोज त्याला अजिबात जमत नाहीत. तरी मी त्याला वरचा नंबर देतो, कारण तो कुठं काही लपवत नाही. आता बऱ्याच फिगरमधे छातीवर खोट्या खिडक्या चिकटवलेल्या असतात आणि खरी काच पाठीवर दुमडून ठेवलेली असते, समोरून एकदम कार्टून, पण पाठ बघितली की दप्तर अडकवल्यासारखी. मला ते पटत नाही, अगदी नाइलाज असेल तरच चालेल.

दुसरं म्हणजे सांधा. मिरजेला सतारमेकर गल्लीत कधी गेला असाल तर तंबोऱ्याची खुंटी बसवताना बघा, खुंटी फिरली पण पाहिजे आणि फिरवून सोडली की तिथंच थांबली पण पाहिजे, तारेच्या ओढीनं मागं सरकली तर वाद्य वाया. रोबोच्या खांद्याचं अगदी हेच आहे. बॉल जॉइंट, म्हणजे खोबणीत गोळा फिरतो तसा सांधा, असेल तर हात आडवा करून सोडून द्यायचा आणि बघायचं, हळूहळू खाली आला तर सांधा ढिला. जड फिगरला खांद्यात कमरेत कट् कट् वाजणारा दातेरी सांधा लागतो, त्याशिवाय ती उभी राहत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी झाल्यावर तुकडे एकमेकांत अडकतात का, दाराची फट पडते का, टेबलावर ढकलली तर चारही चाकं टेकून चालते का. कित्येक रिव्ह्यूमधे रोबो चारही बाजूनं दाखवतात आणि गाडी नुसती एका फोटोत, मला तिथंच शंका येते.

आता कुणी म्हणेल की मग आधी कार्टून आणि नंतर खेळणं असं कधी झालंच नाही का? झालं ना, आणि त्यातलं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे ट्रान्सफॉर्मर्स ॲनिमेटेड, २००७ ते २००९ मधली कार्टून नेटवर्कची सीरिज. डेरिक वायटनं त्यातले रोबो एकदम वेगळे काढले, मोठ्या हनुवट्या, बारीक कमरा, गोलाकार अंग, सरळ रेघ शोधून सापडणार नाही, आणि मग खेळणंवाल्यांना त्या चित्रामागं धावायला लागलं. त्यातला ब्लिट्झविंग घ्या, जेट होतो, टँक होतो, रोबो होतो, आणि सीरिजमधे त्याला तीन स्वभाव आहेत, एक थंड, एक तापट, एक पूर्ण येडा, मूड बदलला की चेहराच फिरतो. फिगरमधे तिन्ही चेहरे हेल्मेटच्या आत खरोखर फिरतात! तीन रूपांची फिगर म्हटलं की कुठलंतरी एक रूप मार खातंच, इथं पण टँक थोडा ओढूनताणून झालाय, पण तो चेहरा फिरवताना दिसतं की बनवणाऱ्यानं सीरिज मन लावून बघितलीय.

घेताना काय सांभाळायचं ते पण विचारतात. पारदर्शक प्लास्टिकचा सांधा असेल तर जपून, ते प्लास्टिक लवचीक नसतं, पिनेपाशी तडा जातो. जुनी सेकंडहँड घेताना सोनेरी चमक मिसळलेलं प्लास्टिक असेल तर शक्यतो सोडून द्या, त्यातलं बरंचसं वर्षांनी बिस्किटासारखं ठिसूळ होतं, नुसतं हलवलं तरी तुटतं. आणि आपल्याकडचं ऊन, पांढरा भाग खिडकीत ठेवला की पिवळा पडणार, म्हणून माझं कपाट आतल्या भिंतीला आहे.

किमतीचं म्हणाल तर बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० ला २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ ला ७०, शिवाय १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा, त्यामुळं जे थोडं येतं ते महाग येतं. मग लोक कॉपीकडं वळतात. मी पण एकदा एका विक्रेत्याकडून अस्सल म्हणून घेतलेली कॉपी निघाली, साचा मोठा करून काढलेली, बघायला झक्कास, पण गुडघ्याची पिन इतकी घट्ट की वळवताना प्लास्टिक पांढरं पडलं. मधलंच बिघडलं तर फिगरमधे राहिलं काय?

पोरासाठी घेणार असाल तर डब्यावर आठ वर्षं लिहिलेलं असतं ते खरं माना, आणि पहिली फिगर डीलक्स मापाची, म्हणजे व्हॉयेजर नावाच्या मोठ्या मापापेक्षा लहान, एखादी साधी कार घ्या, समोरची काच छाती होते अशी. कसं बदलायचं ते दाखवणारा डब्यातला कागद बघून एकदा तुम्ही बदला, मग कागद पोराकडं द्या आणि मधे बोलू नका, पोरं बरोबर शोधून काढतात. घरात एखाद्या रोबोचा हात लोंबत असेल तर बॉल बाहेर काढून त्याला बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर द्या, रात्रभर पूर्ण वाळू द्या, मग बसवा. नाही जमलं तर विश्रामबागेत माझ्याकडं घेऊन या, बसवून देतो.