लिंकनमध्ये पाहिलेली निवड चाचणी

शेजारचे आजोबा चेंडूकडे बघतच नव्हते. अमेरिकन फुटबॉलचा खेळ, आख्खं स्टेडियम एका 18 वर्षांच्या पोराच्या फेकीमागे माना वळवत होतं आणि हे दुर्बीण लावून, मध्ये एकमेकांना रेटणाऱ्या धिप्पाड मुलांचे पाय निरखत होते. मांडीवर छोटी वही, त्यात नुसते नंबर. मी 27 वर्षं सांगलीजवळच्या शाळेत खो-खो शिकवला, निवड चाचणीला अशीच वही घेऊन बसायचे. त्यामुळे मी खेळ सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले.

तारीख 27 एप्रिल 2024, गाव लिंकन, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याची राजधानी. भाचा इथल्या विद्यापीठात शिकतो, म्हणून आले होते. आदल्या दिवशी दुपारी टोर्नेडोच्या, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळाच्या, इशाऱ्याचे भोंगे वाजले, आम्ही तळघरात जाऊन बसलो. ओमाहा शहराच्या एल्कहॉर्न भागात घरंच्या घरं जमीनदोस्त झाली. आता उद्या कसला सामना, असं मला वाटलं होतं. पण सामना झाला आणि 60 हजार माणसं लाल कपडे घालून आली.

बरं, हा खरा सामनाही नव्हे. याला स्प्रिंग गेम म्हणतात. वसंतातल्या सरावाच्या शेवटी एकच संघ दोन गट पाडून आपापसांत खेळतो. हंगाम ऑगस्टच्या अखेरीला सुरू होणार होता. लोक आले होते ते नवी भरती बघायला आणि येतं वर्ष कसं जाईल याचा अंदाज बांधायला. इथे एकही मोठा व्यावसायिक संघ नाही, त्यामुळे राज्याचं सगळं प्रेम विद्यापीठाच्या ‘हस्कर्स’वर, म्हणजे मक्याची कणसं सोलणाऱ्यांवर. 1962पासून इथल्या हंगामातल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं संपतात. आणि या प्रेमाच्या वाट्याला तेव्हा काय आलं होतं? पाच वेळा देशात पहिला आलेला संघ, पण 2017 ते 2023 एका वर्षीही विजय पराभवांपेक्षा जास्त नव्हते. 2023 साली पाच जिंकले, सात हरले. सहावा जिंकला असता तर हंगामानंतरच्या ‘बाउल’ सामन्यासाठी पात्र ठरले असते. शेवटचे चारही सामने थोडक्यात गेले. वर्षभरात 31 वेळा चेंडू समोरच्यांच्या हातात दिला! भाचा हे सांगताना घरचं आजारपण सांगावं तसं सांगत होता.

म्हणून सगळ्यांचे डोळे डिलन रायोलावर. हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणारा. त्यातून फाइव्ह-स्टार. शाळकरी खेळाडूंना तारे देतात, त्यातला पाच तारे हा देशभरातून जेमतेम 30-32 मुलांना मिळणारा दर्जा. जॉर्जिया विद्यापीठात जायचं कबूल करून बसलेला हा मुलगा डिसेंबर 2023मध्ये इकडे वळला. त्याचे वडील डॉमिनिक इथेच खेळलेले. त्या दिवशी त्याच्या 22 फेकींपैकी 16 बरोबर हातात पडल्या, 239 यार्ड, दोन टचडाउन, म्हणजे चेंडू थेट समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार. लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंच.

मी आजोबांना विचारलं, “पोरगा चांगला आहे ना?” भाच्याने दुभाष्याचं काम केलं. आजोबा म्हणाले, “हात चांगला आहे. पण आज त्याला कुणी हात लावला का?” सरावात क्वार्टरबॅकला पाडायचं नसतं. अंगावर 130 किलोचा माणूस धावून येताना तो काय करतो, हे सप्टेंबरशिवाय कळणार नाही. तोवर बघायचं ते त्याच्यासमोर भिंत धरून उभ्या राहणाऱ्या लाइनमनकडे. मग त्यांनी मला दुर्बीण दिली. “तो बघा, कमरेत वाकतोय, ढकलला की पुढे तोंडावर पडेल. आणि हा गुडघ्यात बसतोय. पावलं छोटी, जमिनीलगत. एकदा चुकला तरी दुसऱ्या पावलाला सावरतो.”

अहो, हे तर मी मुलींना सांगत आले! हुलकावणी द्यायची तर गुडघ्यात बसा, कमरेतून वाकलात की खांबापाशी वळताच येणार नाही. भाषा कळत नसताना आम्ही दोघं एकेका पोराच्या पायांकडे बोट दाखवत बसलो होतो.

या तारे देण्याच्या पद्धतीवर माझा राग आहे, तो मात्र तिथे बोलले नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर आकडा चिकटवायचा आणि मग त्याने जन्मभर तो खरा करून दाखवायचा. रागाला कारण मीच आहे. एका वर्षी मी एक मुलगी ‘अंगात दम नाही’ म्हणून वगळली. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या शाळेकडून आमच्याविरुद्ध पळती करायला उतरली आणि आमच्या मुलींना शेवटपर्यंत सापडली नाही. सामन्यानंतर ती माझ्या पाया पडायला आली. ती वाकली तो क्षण अजून मला झोपू देत नाही.

शेवटच्या काही मिनिटांत बरीच जागा रिकामी झाली होती. तेवढ्यात आमच्या पुढच्या रांगेतलं एक कुटुंब ताडकन उभं राहिलं. आई, वडील, आजी आणि एक शाळकरी भाऊ. त्यांचा मुलगा मैदानात उतरत होता. वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिप नाही, तारेही नाहीत, खर्च घरचा. नेब्रास्काच्या छोट्या गावांतून अशी मुलं वर्षानुवर्षं येतात आणि इथे त्याचा मोठा अभिमान आहे. तो चार-पाच खेळ्या खेळला असेल. एकदाही चेंडूच्या जवळपास नव्हता. आई दोन्ही हात तोंडावर धरून बघत होती. वडिलांनी टोपी काढून छातीशी घट्ट धरली होती. तिसऱ्या खेळीला समोरच्याने त्याला मागे रेटलं, तो एक पाऊल घसरला, गुडघ्यात बसला आणि सावरला. टाळ्या फक्त त्या रांगेत वाजल्या. मीही वाजवल्या.

उठताना आजोबांना विचारलं, यंदा किती जिंकणार? “लाइन टिकली तर सात. नाही टिकली तर पोरगा कितीही चांगला असो, पाचच.” माझंही मत तेच झालं. 31 ऑगस्टला पहिला सामना होता, सांगलीत रात्री जागून बघायचा असं ठरवून टाकलं.

निघण्याआधी आजोबांनी पुढे वाकून त्या आईला मुलाचा नंबर विचारला आणि वहीत लिहिला. पुढे एकच शब्द होता. भाच्याने वाचून दाखवला, “मावशी, ‘पाय’ लिहिलंय.”