वाळूच्या कणाएवढा समुद्र

आज दिवसभर मायक्रोस्कोपखाली फोरामिनिफेराची, म्हणजे समुद्रातल्या इवल्या एकपेशीय जीवांची, कवचं वेचली, ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक. मान पार आखडली! पण कवच नीट टिकलं असेल, तर तो जीव जगला तेव्हाच्या समुद्रातलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य त्यात सापडतं. आज समुद्रात स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचं, म्हणजे त्याच्या जड आणि हलक्या अणूंचं, गुणोत्तर ०.७०९२ आहे, कुठल्याही महासागराचं पाणी घ्या, तेच. समुद्र हजारेक वर्षांत ढवळून निघतो, स्ट्रॉन्शियम मात्र त्यात लाखो वर्षं राहतं. ज्युरासिकच्या उत्तरार्धात हा आकडा ०.७०६८ पर्यंत उतरला होता. गेली सुमारे ४ कोटी वर्षं तो चढतोय. हिमालयाची झीज हे सगळ्यांचं लाडकं कारण: झिजलेल्या खडकांतलं ८७ नद्या समुद्रात आणतात. मला ते एकटं पुरेसं वाटत नाही. हा आकडा खाली ओढणाऱ्या समुद्रतळाच्या गरम झऱ्यांचा हिशेब कोण धरणार? असो. उद्या कवचांना चिकटलेली माती धुवायची आहे, तीच खरी डोकेदुखी.