साइट अप आहे, मग चढायचं कशाला?

पुण्यातल्या आमच्या नॉकमध्ये, म्हणजे मोबाइल नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवणाऱ्या विभागात, येणारे बहुतेक अलार्म (बिघाडाचे इशारे) आपोआप क्लिअर होतात. त्यांच्याकडे कोणी बघत नाही. बघू नये म्हणून फिल्टरच लावलाय.

माझं काम त्या फिल्टरमागचा कचरा उपसायचं. कोणत्या अलार्ममागून ठरावीक वेळात कोणता येतो, ते जुन्या नोंदींतून शोधायचं. १९९०च्या दशकात हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी ही पद्धत टेलिकॉमच्या अलार्मवरच बसवली. वाचायला सोपी आहे. प्रत्यक्षात अर्धा वेळ घड्याळं जुळवण्यात जातो. यंत्रातलं कार्ड रीसेट झालं की एखाद्या साइटचे, म्हणजे टॉवरचे, अलार्म थेट १ जानेवारी १९७० च्या तारखेने येतात. लिंक तुटलेली असताना तुंबलेले अलार्म ती जोडल्यावर एकदम कोसळतात. आधी काय झालं नि नंतर काय, पत्ता लागत नाही. एवढं करून हाती येणारा नियम काय? वीज गेली की काही तासांनी बॅटरी उतरते. हे साइटवरचा वॉचमनही सांगेल.

पण गेल्या पावसाळ्यात देवरुखकडच्या एका हबवर वेगळंच दिसलं. पावसात मायक्रोवेव्ह लिंकचा, म्हणजे दोन टॉवरांना जोडणाऱ्या बिनतारी दुव्याचा, सिग्नल पडतो, सर ओसरली की काही मिनिटांत परत येतो. इथे पाऊस थांबल्यावरही अलार्म तासन्‌तास राहत होता, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त. अलार्मची संख्या तेवढीच, त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ. जुन्या नोंदींत अशा वाढत्या वेळेनंतर लिंक साफ बसल्याची उदाहरणं होती. केबलच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं असणार. आतलं पाणी सुकायला वेळ लागतो. हबमागे साइट्सची अख्खी साखळी, त्यात गणपती तोंडावर.

मॅनेजरांनी विचारलं, "नक्की पडणार?" मी कॉन्फिडन्सचा, म्हणजे हा नियम शंभरात किती वेळा खरा ठरला त्याचा, आकडा सांगितला. "म्हणजे नक्की नाही," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. टेक्निशियनला फोन केला, तर तो म्हणाला, "सर, साइट अप आहे. चढायचं कशाला?" त्याचं बरोबरच होतं. ओल्या टॉवरवर चढायला बंदी असते, आणि त्याचं काम मोजतात ते पडलेली साइट किती वेळात उठवली यावर.

तरी उघडीप मिळताच तो चढला. ग्रुपवर फोटो आला: टेप सुटलेली, कनेक्टर आतून हिरवा पडलेला. "केबल वरून आणलीय सर, ड्रिप लूपच नाही." ड्रिप लूप म्हणजे कनेक्टरच्या आधी केबलला खाली दिलेला झोल, पाणी तिथूनच गळून जावं म्हणून. बसवणाऱ्यांनी दोन वीत केबल वाचवली होती! त्याने टोक कापून नवा कनेक्टर लावला.

गणपतीत लिंक पडली नाही. टिकेट मात्र 'नियमित देखभाल' म्हणून बंद झालं. पुढच्या महिन्यात हे नियम शोधणारं मॉडेल नव्या नोंदींवर शिकवलं, तेव्हा हे प्रकरण 'इशारा दिला, काही घडलं नाही' असं धरलं गेलं आणि त्याच नियमाचा कॉन्फिडन्स घसरला. मी नोंद हाताने बदलायला निघालो, तर टीममधली सहकारी म्हणाली, "चढून बघितलं म्हणून हे कळलं. जिथे कोणी चढलंच नाही नि काही पडलंही नाही, त्या नोंदींचं काय करणार?"

सध्या ती नोंद आम्ही बाजूला काढून ठेवलीय. मला ते पटलेलं नाही, पण तिच्या प्रश्नाला उत्तरही सुचत नाही.