एका मांडवीतून दुसऱ्या मांडवीत

आमच्या बडोद्यात मांडवी म्हणजे लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांच्या मधोमध उभी असलेली जुनी चौकोनी इमारत. गोव्यात मांडवी म्हणजे नदी. त्या नदीत नांगरून ठेवलेल्या बोटीवर बसून मी जुगार खेळून आले, हे अजून बँकेत कुणाला सांगितलेलं नाही.

मी एका सहकारी बँकेत कॅशियर आहे, सव्वीस वर्षं झाली. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली म्हणून पुण्याच्या लेकाने परस्पर बुकिंग करून टाकलं. पणजीजवळचं नवंकोरं पंचतारांकित हॉटेल, दोन रात्री, खाली कॅसिनो, शिवाय बोटीवरच्या कॅसिनोचं दोघांचं तिकीट. फोनवर म्हणाला, "आई, आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजलेस. एकदा स्वतःचे उडवून बघ."

पत्ते आम्हाला नवे नाहीत. गुजरातेत श्रावणातल्या सातम-आठमला घरोघरी तीन पत्ती रंगते, आणि दांडिया बाजारातली आम्ही मराठी घरंही त्यात मागे नाही. आमच्याकडे पैसे लावत नाहीत, चिंचोके लावतात. सासूबाईंनी सत्तरी ओलांडून बरीच वर्षं झाली, पण त्यांच्यासमोर बसायला माझे दीर अजून घाबरतात. पत्ते न बघता सात-सात चाली ब्लाइंड खेळतात आणि समोरचा बिचारा राजाची जोडी टाकून पॅक होतो. निघताना पाया पडले तर आशीर्वादाऐवजी सल्ला मिळाला, "पत्ते बघायची घाई करू नकोस."

तयारी म्हणजे एक पाकीट. त्यात पाचशेच्या वीस नोटा, दहा हजार, वर पेनने रक्कम आणि तारीख. यापलीकडे एक रुपया नाही, हे ह्यांच्याकडून देवासमोर कबूल करून घेतलं. डब्यात लीलो चेवडो आणि भाकरवडी घेतली. पंचतारांकित हॉटेलातल्या चहाबरोबर खायला काय मिळेल नि काय भावाने, कोण सांगणार? कोकण रेल्वेने मडगाव आणि तिथून टॅक्सी.

टॅक्सीवाला गप्पिष्ट होता. कॅसिनोचं नाव काढताच ह्यांना म्हणाला, "पात्रांव, आमकां भितर सोडिनात." मला आधी वाटलं थट्टा करतोय. पण खरं होतं. फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. बोटी त्यांच्या नदीत, आणि आत आम्ही बडोदेकर.

आता हॉटेल. इमारत देखणी, लॉबीत इतका संगमरवर की चप्पल काढून आत जावंसं वाटलं. काउंटरवरच्या मुलीने आधार कार्डं घेतली, गोड हसली आणि म्हणाली, "मॅडम, एक कार्ड लागेल, डिपॉझिटसाठी. फक्त होल्ड असतो." ह्यांनी क्रेडिट कार्ड शोधेपर्यंत मी पर्समधून हाताला लागलं ते कार्ड दिलं, पिन दाबला, मोकळी झाले. लिफ्टमध्ये मोबाइल वाजला. खात्यातून दहा हजार वजा.

मी डेबिट कार्ड दिलं होतं.

हे मी, जी काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी कुणाला समजावते, की क्रेडिट कार्डावर होल्ड म्हणजे मर्यादेतून रक्कम बाजूला ठेवणं आणि डेबिट कार्डावर म्हणजे तुमच्या खात्यातले खरेखुरे पैसे अडकणं. परत खाली गेले. "चेकआउटनंतर सात ते दहा कामकाजाचे दिवस," मुलगी तेवढंच गोड हसून म्हणाली. सहीच्या कागदावर ते छापलेलंही होतं, सर्वात खाली, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. जुगार खेळायच्या आधीच पाकिटाएवढी रक्कम गेली, असं हे हसत हसत म्हणाले. मला काही हसू आलं नाही.

संध्याकाळी हॉटेलातल्या कॅसिनोत उतरलो आणि माझी दुसरी निराशा झाली. पत्ते कुठेच नाहीत! नुसती यंत्रं. एका काचेच्या घुमटात रुलेटचं, म्हणजे आकड्यांच्या खणांचं चाक, हवेच्या झोताने चेंडू आपोआप उडतो, भोवती दहाबारा पडदे आणि प्रत्येकासमोर एक माणूस बोटाने टकटक करतोय. आमच्या एटीएम लॉबीत पगाराच्या दिवशी असतं तसं. तिथल्या एका कर्मचाऱ्याने कारण सांगितलं. गोव्यातला जुगाराचा मूळ कायदा १९७६ चा, बंदीचा. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना परवानगी मिळाली आणि १९९६ मध्ये पाण्यावरच्या बोटींना टेबलांची. म्हणजे जमिनीवर यंत्राशी खेळायचं, माणसाच्या हातचे पत्ते हवे असतील तर पाण्यात उतरायचं. कायद्याची ही गंमत मला फार आवडली. आमच्याकडे दारूचं असंच आहे, गुजरातेत नाही आणि दमणला पाऊल ठेवलं की आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पणजीच्या धक्क्यावर गेलो. ही पायरीपायरीची प्रक्रिया सांगते, कारण पहिल्यांदा जाणारा गोंधळतो. आधी काउंटरवर ओळखपत्र. वय एकवीस पूर्ण हवं. आमच्या दोघांच्या केसांकडे बघून कुणी ते विचारलं नसतं, तरी कार्ड स्कॅन केलंच. मग फोटो, मनगटावर कागदी पट्टा, बॅगेची तपासणी. माझा चेवड्याचा डबा तिथेच अडकला, बाहेरचं खाणं चालत नाही. मग छोटी बोट, दहा मिनिटांत मोठ्या बोटीला लागते. खेळाच्या मजल्यावर फोटो काढायचा नाही, हे दोनदा बजावलं. मनी लॉन्डरिंगविरोधी कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने कॅसिनोही आले, त्यामुळे केवायसीचा हा सोपस्कार मला ओळखीचाच वाटला. फक्त आमच्या बँकेत तो करताना कुणी वेलकम ड्रिंक देत नाही.

तिकिटात दोघांना मिळून तीन हजारांच्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, होत्या. त्यावर कुठे उड्या मारू नका. त्या 'वन टाइम प्ले' चिप्स, कॅशियरकडे त्यांचे पैसे मिळत नाहीत. एकदाच लावायच्या. हरलात तर गेल्या, जिंकलात तरी ती चिप ते उचलून घेतात आणि तुम्हाला जिंकल्याएवढी खरी चिप देतात. आमच्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ निघताना त्या रोखीत बदलायला गेले आणि वाद घालून परत आले.

खऱ्या चिप्स मी टेबलावरच घेतल्या आणि तिथेच मी खिळून राहिले. डीलर मुलगी मेघालयची, माझ्या लेकाच्या वयाची. मी दहा नोटा दिल्या. तिने त्या गड्डीत मोजल्या नाहीत, हिरव्या कापडावर एकेक सुटी पसरली, दोन ओळी, प्रत्येक ओळीत पाच, वरच्या कॅमेऱ्याला प्रत्येक नोट दिसेल अशी. मोठ्याने पुकारलं, "चेंज, पाच हजार." मागे उभ्या सुपरवायझरने मान हलवली. मग चिप्सची चळत पाच-पाचने कापून दाखवली, माझ्याकडे सरकवली आणि नोटा एका पट्टीने टेबलाच्या फटीत ढकलल्या. अर्ध्या तासाने तिची पाळी संपली. उठताना तिने दोन्ही तळहात एकमेकांवर घासून टाळी वाजवली आणि पालथे-उताणे करून दाखवले, की हातात काही नाही. मी सव्वीस वर्षांत कॅश बंद करताना असं कधी केलेलं नाही. करायला हवं होतं, एकदा चारशेचा घोळ माझ्या पगारातून गेला होता.

चिप्सवर कर किती, हेही सांगते. कॅसिनोवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्के झाला. तो चिप्ससाठी भरलेल्या रकमेवर लागतो, जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर पुन्हा नाही. आणि जिंकलात तर त्या रकमेवर आयकर सरसकट ३० टक्के, हरलेलं त्यातून वजा करता येत नाही. हे सगळं मी ह्यांना समजावत होते तेव्हा ह्यांचं लक्ष बिअरच्या ग्लासकडे होतं. ग्लास हातात घेतल्यावर ह्यांनी सवयीने दोनदा मागे वळून बघितलं.

आधी अर्थातच तीन पत्ती. इथे सासूबाईंची सगळी विद्या फुकट गेली. घरी आपण एकमेकांशी खेळतो. चेहरा, श्वास, कोण उगाच पाणी पितंय, हे बघायचं. इथे शेजारच्याशी आपला काही संबंधच नाही. प्रत्येकजण एकटा, समोर डीलर, आणि डीलरला घाबरवता येत नाही. तिचे पत्ते ठरल्या नियमाने उघडतात. ब्लाइंड काय नि चाल काय, थाप मारायची कुणाला? चाळीस मिनिटांत तीन हजार दोनशे गेले. माझ्या हातात एकदा तीन नव्वे आले, तेव्हा सगळ्यात कमी पैसे लावलेले होते. ते आता सांगून उपयोग नाही.

मग रुलेट. आमच्या चाकावर एक ते छत्तीस आणि एक शून्य, असे सदतीस खण. एका आकड्यावर लावलं आणि लागलं तर पस्तीसपट मिळतात. मी तिथल्या तिथे हिशेब केला. सदतीसही खणांवर शंभर-शंभर लावले तर लागतात सदतीसशे, आणि कुठलाही आकडा आला तरी हातात येतात पस्तीसशे आणि लावलेले शंभर, म्हणजे छत्तीसशे. ते उरलेले शंभर कॅसिनोचे. पावणेतीन टक्के. आमची बँक याहून जास्त कमावते, पण आम्हाला ते वर्षभरात मिळतात, यांना एका फेरीत.

फुकटच्या सहा चिप्स मी एकेक करून लाल रंगाच्या खणांवर लावल्या. तीन लागल्या, दीड हजार आले. इथे एक खाचखळगा आहे. रुलेटवर प्रत्येकाला वेगळ्या रंगाच्या चिप्स देतात, म्हणजे कुणाची कुठली ते कळतं. त्या रंगीत चिप्स त्याच टेबलावर चालतात. मी त्या पर्समध्ये टाकून बाथरूमला निघाले तर डीलरने हाक मारून परत बोलावलं आणि बदलून दिल्या.

मी येईपर्यंत ह्यांनी तेराशे घालवले होते. वर चेहऱ्यावर काही नाही. मग शंभर रुपये आठ आकड्यावर ठेवले, "आठमचा आठ" म्हणून. चेंडू दोन खण उडला, शून्याजवळ घुटमळला आणि आठवर बसला. पस्तीसशे! हे खुर्चीवरून असे उठले की शेजारच्या बाईंचा ज्यूस सांडला. त्या क्षणी आमच्याजवळ साडेपाच हजारांच्या चिप्स होत्या, म्हणजे पाचशे रुपये वर. तेव्हाच उठायचं असतं, हे मला कळत होतं. मी उठले का? नाही. उलट मीच म्हटलं, "अजून दोन फेऱ्या." त्या दोनाच्या वीस झाल्या. ह्यांनी हळूच पाकिटातल्या उरलेल्या पाच हजारांबद्दल विचारलं तेव्हा मला शुद्ध आली. मी पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात घातलं, चेन ओढली आणि कॅशियरच्या खिडकीकडे चालू लागले.

खिडकीतल्या मुलाने चिप्स ओळीने मांडल्या, मोजल्या, दोन हजार आठशे पुढे सरकवले. मी त्याच्यासमोर पुन्हा मोजले. तो हसला, बहुधा त्याने ओळखलं. हिशेब सरळ, बावीसशे गेले. जेवण चांगलं होतं, कोळंबीचं कालवण ह्यांनी तीनदा घेतलं. त्यामुळे त्या पैशांची मला फारशी खंत नाही.

खंत त्या दहा हजारांची. चेकआउटच्या वेळी लेखी मागितलं, की होल्ड सोडला. "सिस्टीममधून आपोआप जातं मॅडम." मी जागची हलले नाही. मागे रांग वाढली तेव्हा मॅनेजर आले आणि रिलीजची पावती छापून दिली. ती नसती तर नंतर कुठला संदर्भ क्रमांक घेऊन भांडणार होते? घरी आल्यावर रोज सकाळी पासबुक बघत होते. चौदाव्या दिवशी, माझ्या काउंटरसमोर एक आजोबा पेन्शनची स्लिप भरत असताना, मेसेज आला. पूर्ण दहा हजार जमा. पुढच्या वेळी क्रेडिट कार्ड हातात घेऊनच लिफ्टमधून उतरणार, पुढची वेळ आली तर.

ह्यांचा शर्ट धुवायला टाकताना खिशात शंभराची एक चिप सापडली. खऱ्यातली, पण ती बदलायला पणजीला कोण जाणार? सासूबाईंनी ती चष्म्याजवळ धरून उलटसुलट बघितली.

"किती रुपयांची म्हणतेस?"

"शंभर."

"इथे कोण देतं?"

"कुणीच नाही."

त्यांनी थोडा विचार केला आणि ती चिंचोक्यांच्या डब्यात टाकली. "येत्या आठमला दहा चिंचोक्यांना धरू," म्हणाल्या. मी पंधरा म्हणून बघितलं. त्या बाराच्या वर यायला तयार नाहीत.