तुम्ही विचारलंत म्हणून: युनियनची वर्गणी सक्तीची का?

इकडे मिशिगनमध्ये मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी प्लँटमध्ये तासावर काम करतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आणि आता भारतातूनही लोक मेसेज करून तेच विचारतात. नोकरी कंपनी देते, काम तुम्ही करता, मग मध्येच युनियनला पैसे भरायची सक्ती कशाला? ज्याला नको असेल त्याने भरू नये, एवढं साधं स्वातंत्र्य का नको? विचारणारे बहुतेक महिन्याच्या पगारावरचे इंजिनीअर, त्यांचा युनियनशी कधी संबंधच येत नाही, त्यामुळे प्रश्न मनापासूनच असतो. म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

आधी कायदा. युनियनचा मेंबर असशील तरच कामावर घेऊ, हा प्रकार अमेरिकेत 1947 च्या टाफ्ट-हार्टली कायद्यानेच बंद झाला. त्याच कायद्याच्या 14(बी) कलमाने राज्यांना अजून एक मुभा दिली, की कंपनी आणि युनियनच्या करारात 'सगळ्यांनी वर्गणी द्यायची' अशी अट घालायलाच बंदी करता येईल. ज्यांनी ती बंदी केली ती राइट टू वर्क राज्यं, सध्या 26 आहेत. मिशिगन 2013 पासून त्यांच्यात होतं, फेब्रुवारी 2024 मध्ये बाहेर पडलं. जिथे बंदी नाही तिथेही मेंबर व्हायची सक्ती नाही बरं का, फक्त पैशांचा वाटा द्यावा लागतो, आणि सुप्रीम कोर्टाच्या 1988 च्या बेक निकालानंतर हरकत घेतली तर राजकारणावरचा खर्च त्यातून वगळून मिळतो. सरकारी नोकरांना तर 2018 च्या जेनस निकालापासून कुठल्याच राज्यात सक्ती नाही.

आता मूळ मुद्दा. एकदा बहुमताने युनियन निवडून आली की ती त्या युनिटमधल्या, म्हणजे एकाच करारात येणाऱ्या कामगारांच्या गटातल्या, सगळ्यांची प्रतिनिधी होते, वर्गणी भरणाऱ्यांची आणि न भरणाऱ्यांचीही, आणि दोघांत भेदभाव केला तर तिच्यावर केस होऊ शकते. हा नियम युनियनवाल्यांनी मागून घेतलेला नाही, तो एका कृष्णवर्णीय रेल्वे कामगाराने कोर्टातून मिळवला. त्यांची युनियन फक्त गोऱ्यांना मेंबर करून घ्यायची आणि कंपनीशी करार करून कृष्णवर्णीय फायरमनना (इंजिनात कोळसा टाकणाऱ्यांना) इंजिनावरून हटवायला निघाली होती. 1944 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सगळ्यांच्या वतीने बोलायचा हक्क हवा तर सगळ्यांना न्यायाने वागवावं लागेल. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, तो कधीही जाऊ नये. पण त्याला पैसे लागतात ना?

आमच्या प्लँटमध्ये राइट टू वर्कच्या काळात एकाने वर्गणी बंद केली होती, त्याचा तो हक्क होता, कोणी त्याला वाकडं बोललं नाही. पुढे सुपरवायझरने त्याला मशीनचा सेफ्टी गार्ड उघडा ठेवल्याबद्दल सस्पेंड केलं. तो म्हणत होता की गार्डचं लॅच आधीच्या शिफ्टपासूनच तुटलेलं होतं. आमचा स्टुअर्ड, म्हणजे प्लँटमधला युनियनचा प्रतिनिधी, शिफ्ट सुटल्यावर ब्रेकरूममध्ये बसून मेंटेनन्सच्या जुन्या लॉगशीट एकेक करून काढायचा, आणि त्यातल्या एका शीटवर लॅचची तक्रार सापडली, खाली सही, वेळ, सगळं. तरी कंपनी ऐकेना, मग ग्रीव्हन्स, म्हणजे युनियनने केलेली तक्रार, आर्बिट्रेशनपर्यंत, म्हणजे बाहेरच्या पंचापर्यंत गेला. आर्बिट्रेटरची फी कंपनी आणि युनियन अर्धी अर्धी भरतात. त्या माणसाला बुडालेला पगार परत मिळाला, आणि मिळायलाच हवा होता, पण युनियनच्या वाट्याची फी आली ती आम्ही बाकीचे महिन्याला दोन-अडीच तासांचा पगार देत होतो त्यातून. तो माणूस वाईट नव्हता, घरात अडचण होती. पण असे शंभर जण झाले की पुढच्या वेळी आर्बिट्रेशनला जायचं की नाही हे युनियन पैसे मोजून ठरवते, आणि मग कोणाचीतरी खरी केस सोडून दिली जाते.

यावर लोक म्हणतात, युनियनचे पुढारी पैसे खातात त्याचं काय? खातात. यूएडब्ल्यू, म्हणजे ऑटो कामगारांची मोठी युनियन, तिच्या दोन माजी अध्यक्षांनी 2020 मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला आणि दोघांना तुरुंगवास झाला, पैसा आमच्यासारख्यांच्या वर्गणीतलाच. मला त्याचा आजही संताप आहे. पण पुढे काय झालं तेही बघा, 2021 मध्ये मेंबरांनी मतदान करून अध्यक्ष थेट निवडायचा हक्क मिळवला, 2023 मध्ये नवा अध्यक्ष आला, आणि त्याच वर्षीच्या संपात तीन मोठ्या कार कंपन्यांकडून कराराच्या मुदतीत 25 टक्के पगारवाढ घेतली. चिडून वर्गणी बंद करून जे बाहेर पडले होते त्यांना यात मतच नव्हतं.

खरी भीती कशाची असावी हे मुंबईकरांना सांगायला नको. गिरणगावात 1946 च्या बीआयआर (बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स) कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही एकच मान्यताप्राप्त युनियन होती, मान्यता मेंबरशिपच्या कागदांवरून, गुप्त मतदान नाही. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाखांच्या आसपास कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले तरी कायद्याच्या हिशेबाने त्यांच्या वतीने बोलायचा हक्क त्या जुन्या संघाचाच राहिला. तो कायदा रद्द करा हीसुद्धा संपाची मागणी होती, ती मान्य झाली नाही. आणि महाराष्ट्रात मेंबर नसलेल्यांकडूनही युनियनसाठी पैसे कापले गेलेत, बामर लॉरी कंपनीच्या केसमध्ये करारानंतरच्या एरियर्सपैकी 15 टक्के युनियन फंडाला द्यायची अट सुप्रीम कोर्टाने 1984 मध्ये योग्य ठरवली. म्हणजे कपात तिकडेही झाली. पण तुमचा प्रतिनिधी कोण हे तुम्हालाच निवडता येत नसेल, तर ती सक्ती मला वर्गणीपेक्षा कितीतरी जास्त जाचक वाटते.

म्हणून माझं उत्तर असं आहे: मतदानाने आलेली आणि मतदानाने घालवता येणारी युनियन असेल तर कराराच्या खर्चाचा वाटा सगळ्यांनी द्यावा, तसं नसेल तर कोणीही देऊ नये. आणि इथल्या कायद्यात एक वाट आधीपासून आहे, जिच्याबद्दल मंडळात कोणालाच माहीत नसतं. राइट टू वर्क नसलेल्या राज्यातही 30 टक्के कामगारांनी सह्या करून अर्ज केला की फक्त वर्गणीच्या अटीवर गुप्त मतदान होतं, आणि युनिटमधल्या बहुमताने नको म्हटलं की ती अट जाते, युनियन मात्र राहते. म्हणजे ज्यांचे पैसे त्यांनीच ठरवायचं. मिशिगनमध्ये मात्र 2012 च्या डिसेंबरमध्ये राइट टू वर्कचा कायदा आणला तेव्हा त्याला दहा लाख डॉलरची तरतूद जोडली, कारण इथे पैशाची तरतूद असलेल्या कायद्यावर जनमत घेता येत नाही, आणि 2023 मध्ये तो रद्द करताना आमच्या बाजूच्यांनीही तेच केलं. रद्द झाला याचा मला आनंद आहे, पण दोन्ही वेळा लोकांना विचारलं नाही हे मला पटलेलं नाही. मिझुरीत 2018 मध्ये विचारलं होतं, तिथे जवळपास दोन तृतीयांश मतदारांनी राइट टू वर्क नाकारला.