ढाळजेतलं ऑफिस

लातुरात भरदिवसा घरी सापडणाऱ्या पुरुषाबद्दल गल्लीचे तीनच अंदाज असतात. तब्येत बरी नाही, नोकरी गेली, नाहीतर भावकीत वाटणीवरून बिनसलंय. मी आडतवाल्यांची आणि किरकोळ दुकानदारांची जीएसटीची, हिशेबाची कामं करतो. गंजगोलाईजवळच्या गाळ्याचं भाडं परवडेना, म्हणून टेबल, दोन कपाटं आणि प्रिंटर टेम्पोत घालून घरी आणला. तेव्हापासून समोरच्या आक्का रोज दारातून हाक मारतात, "बरं हाय ना रे बाबा? घरीच बसायलास म्हणून विचारलं."

जागा मात्र शोधावी लागली नाही. आमचं मागचं घर स्लॅबचं झालं, पण पुढं जुन्या वाड्याची ढाळज अजून उभी आहे. मोठ्या दरवाजातून आत शिरलं की दोन्ही बाजूंना ओटे, वर माळवद, ती ढाळज. तिच्यापुढं चौक, मग ओसरी, मग माजघर. बाहेरचा माणूस ढाळजेत बसायचा. देणंघेणं, तंटे, सोयरीक, सगळं तिथंच उरकायचं. चहा आतून यायचा, पाहुणा आत जायचा नाही. निजामाच्या राज्यात गावचं दफ्तर पटवाऱ्याच्या घरीच असायचं, म्हणजे घरातून काम करणं आमच्याकडं 1948 च्या आधीपासूनचं. कोरोनात पुण्यातले मित्र बेडरूममध्ये गादीवर लॅपटॉप घेऊन बसले, कारण फ्लॅट बांधणाऱ्यानं रस्ता आणि स्वयंपाकघर यांच्या मधली जागाच ठेवली नव्हती. टीव्ही, पाहुणे, पोरांचा अभ्यास आणि साहेबांची मीटिंग, सगळं एकाच हॉलमध्ये. आता तेच लोक पडदे लावून, प्लायवूडचं पार्टिशन घालून ढाळज तयार करायलेत. त्यांना ते माहीत नाही, एवढंच.

अर्थात दगडमातीच्या भिंतीचेही तिचे म्हणून नखरे आहेत. वायफाय तिच्यातून जातच नाही. शेवटी राउटर दिव्याच्या देवळीत ठेवला. देवळीच्या वरच्या दगडावर कित्येक वर्षांच्या तेलाची काजळी आहे, बोट लावलं तर अजून काळं होतं, आणि तिच्याखाली हिरवे दिवे लुकलुकतात. आईनं दसऱ्याला प्रिंटरबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिलं. मी काही बोललो नाही. रेंज चांगली येते.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. पारा 42 च्या पुढं गेला की कूलरशिवाय ढाळजेत बसवत नाही. कूलर लावला की कागद उडतात, बंद केला की माणूस. आजोबांच्या दुकानातली लोखंडी मापं माळ्यावर पडून होती, 200 ग्रॅमपासून 5 किलोपर्यंतची. ती उतरवली. आता प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बिलांच्या गठ्ठ्यावर एकेक माप असतं, आणि ज्याचा गठ्ठा 5 किलोच्या मापाखाली त्याला आपोआप मोठा व्यापारी झाल्यासारखं वाटतं. पण कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांची ओल कागदात शिरते, कागद मऊ पडतो आणि प्रिंटरमध्ये दोन-दोन पानं चिकटून जातात. म्हणून कागदाचं रीम मी माजघरात, डाळीच्या डब्याशेजारी ठेवतो. छापायचं असलं की आत हाक मारायची. शिवाय कूलरला पाणी लागतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून ज्या गावानं प्यायलंय, त्या गावात कूलरमध्ये बादली ओतताना आई अजून माझ्याकडं रोखून बघते.

गिऱ्हाइकांना वेळ घेऊन यायची सवय नाही. गाळ्यावर असताना शटर ओढलं की दिवस संपायचा. ढाळजेला शटर नाही, दरवाजा आहे, आणि तो बंद दिसला तर माणसं कडी वाजवतात. महिन्याची 11 आणि 20 तारीख म्हणजे विवरणपत्रं भरायची शेवटची मुदत, तेव्हा तर जेवताना ताटावरून उठावं लागतं. 10 तारखेच्या रात्री कुणीतरी बिलांची पिशवी आईच्या हातात देऊन जातो आणि आई ती भाजीबरोबर आत नेते. त्यावर मी उपाय शोधलेला नाही.

घरातून धंदा करणारी माणसंही आता माझ्याकडं जास्त येतात. परवा एक बाई आल्या. येसर आणि काळा मसाला करतात. लग्नाच्या पंगतीत येसरआमटी वाढली जाते तिथपर्यंत त्यांचं बरं चाललं होतं. खाण्याच्या धंद्याची नोंदणीही त्यांनी केलेली होती. मग हैदराबादला पार्सलं जायला लागली. माल राज्याबाहेर विकला की 40 लाखांच्या मर्यादेचा आधार राहत नाही, पहिल्या पार्सलपासून जीएसटी नोंदणी लागते. मी विचारलं, "धंद्याचं मुख्य ठिकाण कुठलं?" म्हणाल्या, "आमचं स्वयंपाकघर."

जागेचा पुरावा मागितला तर लाइट बिल निघालं सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे केव्हाच गेलेले. मराठवाड्यातली निम्मी लाइट बिलं स्वर्गवासी माणसांच्या नावानं येतात, असं माझं मत आहे. आकडेवारी मागू नका. नशिबानं घरपट्टी सासूबाईंच्या नावावर लागली होती. मग त्यांचं संमतीपत्र करायचं ठरलं. मी मजकूर वाचून दाखवला: माझ्या मालकीच्या घरातली अमुक जागा माझी सून व्यवसायासाठी वापरत असून त्यास माझी कसलीही हरकत नाही. सासूबाईंनी चष्मा नीट केला. "कसलीही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कायद्याच्या भाषेत तसंच लिहितात." त्यांनी सुनेकडं पाहिलं. "सकाळी धाच्या आत चूल माझी," असं तोंडी जाहीर करून मग सही केली. सूनबाईंनी मान हलवली. एवढ्या स्पष्ट अटींवर झालेला करार मी आडत बाजारातही पाहिलेला नाही.

नंबर आला. 15 अक्षरांचा, महाराष्ट्राचे म्हणून सुरुवातीला 27, पुढं त्यांचा पॅन. हा नंबर दारावरच्या पाटीवर लावायचा असतो, तसा नियमच आहे. त्यांच्या दारावर 'आईची कृपा' अशी पाटी होती. पेंटरनं तिच्याच खाली लाल रंगात ठळक नंबर काढला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन. "सायेब, लोकं विचारायलेत, बँकेनं घर जप्त केलं का म्हणून. नंबर बारीक काढला तर चालतंय का?"

नियमात अक्षरांचं माप दिलेलं नाही. चालतंय म्हणून सांगितलं.