उणे अठ्ठावीसचा घोळ

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. मोबाइलला रेंज मिळते ती छतावर, पाण्याच्या टाकीजवळ, आणि एप्रिल-मेच्या दुपारी तिथं कोण उभं राहणार? मी नागपूरच्या एका सीएसाठी घरूनच हिशेबाचं काम करतो. जीएसटीच्या रिटर्नच्या तारखा जवळ आल्या की पोटात गोळा यायचा. म्हणून तालुक्याच्या केबलवाल्यानं गावात फायबर आणल्याबरोबर पहिल्या घरांमध्ये आमचं नाव होतं.

जोडणीला वेळ लागला नाही. विजेच्या खांबावरच्या डब्यातून काळी चपटी वायर निघाली, रस्ता ओलांडून आमच्या पत्र्याच्या कडेवरून खिडकीत आली. वायरमध्ये काच केसाएवढीच, बाकी सगळं तिच्या रक्षणासाठी. जोडणीला आलेल्या पोरानं टोक साफ करून हिरव्या टोपीचा कनेक्टर बसवला. हिरव्याचं टोक ८ अंशांच्या कोनात घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. निळा हिरव्या जागेत बसतो, पण दोन्ही टोकं जुळत नाहीत आणि प्रकाश वाया जातो. हे त्यानंच सांगितलं, चहा पिता पिता. त्यानं घरातल्या राउटरच्या डब्यात युजरनेम-पासवर्ड टाकला, त्यावरचा पॉन (म्हणजे फायबरची जोडणी) लिहिलेला दिवा हिरवा झाला, आणि आईनं लगेच यूट्यूबवर कीर्तन लावलं.

कटकट पावसाळ्यात सुरू झाली. वारा सुटला की नेट जायचं, वारा पडला की यायचं. केबलवाल्याच्या ऑफिसात फोन केला की उत्तर ठरलेलं: "राउटर बंद करून चालू करा." अहो, वारा थांबवायला राउटर काय करणार?

शेवटी मी स्वतःच शोध सुरू केला. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की राउटरच्या डब्याचं पान उघडतं. लॉगिनचे शब्द बहुतेक डब्यांच्या बुडाला चिकटवलेले असतात. आत ऑप्टिकल की पॉन अशा नावाखाली आरएक्स पॉवर दिसते, म्हणजे आपल्यापर्यंत पोहोचलेल्या प्रकाशाची ताकद. ती डीबीएममध्ये, म्हणजे डेसिबलच्या मापात मोजतात. माझ्याकडं आकडा होता उणे २८.४. असले डबे साधारण उणे २७ पर्यंत सांभाळून घेतात, त्याखाली तुटतुट सुरू होते. उण्यातला आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त, आणि आकडा ३ डेसिबलनं घसरला की प्रकाश अर्धा. नवीन जोडणीला उणे २० च्या आसपास असला तर लाइन तब्येतीनं बरी समजायची.

दिव्यांवरूनही पुष्कळ कळतं. लॉस लिहिलेला दिवा लाल लागला म्हणजे प्रकाशच येत नाही. अशा वेळी मी आधी शेजारच्या काकांना हाक मारतो. त्यांच्याकडंही लाल असेल तर भानगड खांबाच्या पलीकडं, कुठंतरी जेसीबीनं नाली खोदताना केबल उखडली असणार. फक्त आपल्याकडंच लाल असेल तर आपली वायर. पॉन हिरवा, पण नेट नाही, तर बहुतेक वेळा पासवर्ड नाहीतर थकलेलं बिल.

पुढच्या फोनला मी एवढंच म्हटलं, "आरएक्स उणे २८ आहे, शेजाऱ्यांचा उणे २१." लाइनमन त्याच दिवशी आला! मीटर घेऊन शिडीवर चढला. खांबावरच्या डब्यात उणे २० च्या जवळ. म्हणजे खांबापासून घरापर्यंत आठ डेसिबलचा घाटा, सहातला पाच वाटे प्रकाश रस्त्यातच गेलेला. आणि फायबरमध्ये तर एक किलोमीटरला अर्धा डेसिबलही जात नाही. आमचं अंतर रस्त्यापलीकडचं.

मग तो हातानं वायर चाचपत निघाला. पत्र्याच्या कडेला वायर बारीक लोखंडी तारेनं आवळून बांधलेली, आणि तिथंच काटकोनात वळलेली. "भाऊ, इथं वायरचा गया आवळला ना!" वारा आला की वायर ताणायची, वळण आणखी घट्ट व्हायचं आणि प्रकाश काचेतून बाहेर सांडायचा. त्यानं तार कापली, प्लास्टिकचा हूक लावला, वाटीएवढा सैल वेढा ठेवला. खिडकीतला कनेक्टरही बदलला, कारण त्यात धूळ गेली होती. आकडा आला उणे २०.६. (ते टोक डोळ्यासमोर धरून बघायचं नाही बरं का. उजेड दिसत नाही, पण असतो.)

तरी माजघरात नेट रांगतच होतं. आमच्या जुन्या घराच्या मातीच्या भिंती दीड हात जाड. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय तिथं अडकतं, २.४ चं कसंबसं जातं. राउटर कोपऱ्यातून उचलून मधल्या दाराच्या वर ठेवला, आणि कामाचा लॅपटॉप सरळ लॅन केबलवर घेतला. त्यानंतर रिटर्न भरताना पान अडकलेलं नाही.

राहिली लाइन. इकडं लाइन म्हणजे वीज, आणि ती कधीही जाते. खांबावरच्या डब्याला वीज लागत नाही, तो प्रकाश नुसता वाटून देतो. वीज लागते ती आपल्या डब्याला आणि केबलवाल्याच्या मशीनला. आपल्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला. अ‍ॅडाप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते पाहूनच घ्यावा. केबलवाल्याची बॅटरी मात्र आपल्या हातात नाही. लाइन जाऊन बराच वेळ झाला की शेजारचे काकाच विचारतात, "तुमच्याकडंही लाल?"